‘कार्टूनला फॅमिली येत नाही’ म्हणणाऱ्या मल्टिप्लेक्सवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातले मल्टिप्लेक्सवाले आणि परदेशी सिनेमे इकडे आणणारी वितरक मंडळी

सप्रेम नमस्कार,

मी नाशकात राहते, मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवते. घरात पाचवीतली मुलगी आहे आणि माझी आई आहे, सत्तरी ओलांडलेली. आम्ही तिघी मिळून जपानी ॲनिमेशनचे सिनेमे बघतो, आवडीने बघतो, आणि ते थिएटरात एकत्र बसून बघता यावेत एवढंच आमचं म्हणणं आहे. ते तुमच्यामुळे होत नाहीये म्हणून हे पत्र, आणि उघड अशासाठी की आमच्यासारखी बरीच घरं आहेत हे तुम्हालाही कळावं आणि त्या घरांनाही कळावं.

झालं असं की मागच्या महिन्यात इथल्या एका मल्टिप्लेक्सला असाच एक सिनेमा लागला, रविवारी सकाळी सव्वादहाचा हिंदी शो होता, आमच्या कॉलनीतल्या चार-पाच घरांनी मिळून तिकिटं काढली, पोरांनी आठवडाभर घर डोक्यावर घेतलं, आणि शनिवारी रात्री मेसेज आला की शो कॅन्सल, पैसे परत मिळतील. पैसे आले परत, त्याबद्दल तक्रार नाही. पण सोमवारी बघितलं तर तोच सिनेमा तिथेच चालू होता, फक्त रात्री दहा पन्नासला, जपानी भाषेत, खाली इंग्लिश सबटायटल. मी जाऊन विचारलं. ड्युटीवरचा मॅनेजर नीट बोलला, अजिबात उद्धट नव्हता, म्हणाला, "मॅडम, कार्टूनला फॅमिली येत नाही, कॉलेजची पोरं येतात आणि ती रात्रीच येतात."

ते वाक्य काही डोक्यातून जाईना. फॅमिली आली होती की, तिकिटं काढून आली होती, शो तुम्ही काढून टाकलात आणि वर म्हणताय फॅमिली येत नाही. कॉलेजच्या पोरांबद्दल माझं काही म्हणणं नाही, त्यांनी जरूर बघावं, त्यांच्यामुळेच तर हे सिनेमे इकडे यायला लागले. २०१९ साली जपानी ॲनिमेशन दिग्दर्शक माकोतो शिंकाई यांचा सिनेमा भारतात लागावा म्हणून मुलांनी ऑनलाइन अर्ज केला, पन्नास हजारांवर सह्या झाल्या, आणि ऑक्टोबरमध्ये तो खरंच लागला, खुद्द शिंकाई इकडे येऊन गेले. म्हणजे मागणी ऐकली जाते, तुम्हाला ऐकता येतं. आता आमचंही ऐका, कारण हे सिनेमे लहान मूल आणि मोठं माणूस शेजारी बसून बघतात तेव्हाच पूर्ण होतात, आणि तुम्ही नेमकी ती शेजारची खुर्ची काढून घेताय.

म्हणजे काय ते सांगते.

जपानी ॲनिमेशनमधले थोर दिग्दर्शक हायाओ मियाझाकींचा ‘स्पिरिटेड अवे’, २००१ चा. दहा वर्षांची चिहिरो आईबाबांबरोबर नव्या घरी निघालेली असते, वाट चुकून ते एका ओसाड ठिकाणी पोचतात, तिथे दुकानात वाफाळतं जेवण मांडलेलं असतं, विचारायला कोणी नसतं आणि आईबाप सरळ खायला बसतात. पोरगी नको नको म्हणते तर बाप म्हणतो, काळजी करू नकोस, बाबा आहे ना, क्रेडिट कार्ड आहे, कॅश आहे. थोड्या वेळात दोघांची डुकरं झालेली असतात. माझ्या मुलीला तिथे डुकरं दिसली आणि ती मला चिकटली. मला तो बाप दिसला, कारण पैसे आहेत ना मग झालं, हे मी कितीदा ऐकलंय आणि तिच्यासमोरच ऐकलंय. सीन एकच, पडदा एकच, दोघींनी वेगवेगळं बघितलं आणि मग जेवताना त्यावर बोललो. असं बोलणं आमच्यात दुसऱ्या कुठल्या सिनेमावरून झाल्याचं आठवत नाही.

पुढे ती चिहिरो देवांच्या न्हाणीघरात कामाला लागते. एक दिवस चिखलाने लडबडलेला, वासाने सगळे पळून जातील असा पाहुणा येतो. त्याला आंघोळ घालताना तिच्या हाताला काहीतरी रुतलेलं लागतं, सगळे मिळून दोर बांधून ओढतात आणि बाहेर येते सायकल, आणि सायकलच्या मागून ढीगभर कचरा येतच राहतो. तो घाणीचा राक्षस वगैरे नसतोच, नदीचा देव असतो. मियाझाकींनी एकदा नदी साफ करायच्या कामात भाग घेतला होता, तिथे खरोखरच पाण्यातून सायकल ओढून काढली होती, त्यावरून हा प्रसंग सुचला. त्यानंतर एकदा आम्ही इथल्या गोदावरीवरच्या गाडगे महाराज पुलावरून चाललो होतो तर मुलगी कठड्याशी थांबली, खाली पाणवेली आणि प्लास्टिक दिसत होतं, म्हणाली, आई, हिच्यात काय काय रुतलं असेल गं? मी परिसर अभ्यासात पाणी, नद्या, प्रदूषण दरवर्षी शिकवते आणि मन लावून शिकवते, पण माझ्या तासानंतर कुठलं मूल पुलावर थांबलं असेल असं मला वाटत नाही. या सिनेमाने थांबवलं.

आणि त्यातला तो आगगाडीचा प्रवास. रूळ पाण्याखाली, बाहेर नुसतं पाणी, डब्यात सावल्यांसारखी माणसं, जवळपास कोणी बोलत नाही, दिवस मावळत जातो. आमच्याकडे मुलांसाठी काही करायचं म्हणजे सारखं कोणीतरी ओरडत राहिलं पाहिजे, पडलं पाहिजे, उड्या मारल्या पाहिजेत असं धरून चालतात. मुलं शांतपणे बघू शकतात, फक्त त्यांना तसं दाखवणारा पाहिजे. तो सीन माझ्या मुलीने गुडघे पोटाशी घेऊन बघितला, एक शब्द नाही. पण बघितला लॅपटॉपवर. २०२० पासून मियाझाकींच्या स्टुडिओचे, म्हणजे स्टुडिओ घिबलीचे सिनेमे नेटफ्लिक्सवर आहेत म्हणून निदान तेवढं तरी मिळालं. हाताने काढलेलं एवढं मोठं चित्र तळहाताएवढ्या चौकटीत बघायचं आणि मध्येच कुकरची शिट्टी, हे काही बघणं नव्हे.

आता माझ्या आईबद्दल, कारण या पत्राचं खरं कारण ती आहे.

तिचं माहेर किल्लारीच्या बाजूचं, औसा तालुक्यातलं. १९९३ च्या ३० सप्टेंबरला, गणपती विसर्जनाची रात्र संपता संपता, पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला, दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर पडली. तिचा धाकटा भाऊ त्यात गेला. ती तेव्हा इकडे सासरी होती. या विषयावर ती कधीच बोलत नाही, आम्ही विचारतही नाही, सप्टेंबर महिना आला की ती जरा गप्प होते आणि आम्ही टीव्हीचा आवाज कमी करतो, एवढंच.

२०२३ च्या एप्रिलमध्ये शिंकाईंचा ‘सुझुमे’ लागला, हिंदीत लागला होता, म्हणून आईला घेऊन गेले. मला गोष्ट माहीत नव्हती, नाहीतर नेलं असतं का ते सांगता येत नाही. सुझुमे सतरा वर्षांची मुलगी, मावशीकडे वाढलेली. ओसाड पडलेल्या जागांमध्ये दारं उघडतात, त्यातून भूकंप बाहेर येतो, ती दारं बंद करत ती जपानभर फिरते, सोबत तीन पायांची एक चालती-बोलती लाकडी खुर्ची. पोरं त्या खुर्चीच्या पळण्यावर खदाखदा हसत होती. दार बंद करायचं तर तिथे पूर्वी राहणाऱ्या माणसांचे आवाज आधी ऐकावे लागतात, त्याशिवाय कुलूप लागत नाही. शेवटाकडे ती आपल्या जुन्या घराच्या जागी येते, जमिनीत पुरलेला डबा उकरते, त्यात लहानपणीची चित्रांची वही असते. पानं उलटत जाते, आणि २०११ च्या ११ मार्चपासूनची पानं नुसती काळी. त्या दिवशी जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी झाली, तिची आई गेली. एवढीशी पोर रोज वही उघडून पान काळं करत बसली होती.

आईने माझा हात धरला होता. रडली वगैरे नाही. घरी आल्यावर मुलीने, ती तेव्हा दुसरीत, सरळ विचारलं, आजी, तुझ्याकडे अशी वही आहे का? मला वाटलं आता आई उठून आत जाईल. ती म्हणाली, "वही न्हाई बाळा, तांब्या हाय." आमच्या देवघरात एक चेपका पितळी तांब्या आहे, शाळेत असल्यापासून बघते मी तो, काठाला पोचा आलाय, आई तो कधी बदलू देत नाही. तो मामाच्या घराच्या ढिगाऱ्यातून निघालेला आहे हे मला त्या दिवशी कळलं. मग ती रात्री अकरापर्यंत बोलत होती, मामा कसा पोहायचा, घराला किती खण होते, कोणी निरोप आणला. नात ऐकत होती आणि मीही पहिल्यांदाच ऐकत होते.

तो शो दुपारी साडेतीनचा होता आणि हिंदीत होता म्हणून हे झालं. रात्री दहा पन्नासला इंग्लिश सबटायटल घेऊन लागला असता तर यातलं काहीही झालं नसतं, आणि तुमच्या हिशोबात ते कुठे दिसलंही नसतं.

आता तक्रारी. एकेक सांगते.

पहिली भाषेची. ‘द बॉय अँड द हेरॉन’, मियाझाकींचा, २०२४ च्या मार्चमध्ये ऑस्कर मिळालेला, मे महिन्यात इकडे लागला. जपानी किंवा इंग्लिश. आई घरी राहिली. मराठी माध्यमातली आठ वर्षांची मुलगी पळती इंग्लिश सबटायटलं कशी वाचणार, मी तिच्या कानात सांगत बसले आणि मागचे लोक शुक शुक करत होते, त्यांचंही बरोबरच होतं. २०२५ च्या जानेवारीत जपानी-भारतीय रामायण पुन्हा लागलं, युगो साको यांनी पुढाकार घेतलेलं, आपले राम मोहन ज्यात दिग्दर्शक होते ते. इंग्लिश, हिंदी, तमिळ, तेलुगू. मराठी नाही. अहो पंचवटी आमच्या नाशकात आहे! मुलगी पडद्यावर पंचवटी बघून मागे वळून सगळ्यांना सांगत होती की ही आमची, आणि तीच पंचवटी मराठी बोलत नव्हती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘डीमन स्लेयर’ आला, परत तेच, हिंदी तमिळ तेलुगू. तमिळ-तेलुगूवाल्यांना मिळतं याचा आनंदच आहे. पण इथे मराठीचं नाव निघालं की लगेच "मराठी लोकांना हिंदी कळतं की" हे उत्तर मिळतं. मोठ्यांना कळतं. गावाकडच्या पहिली-दुसरीच्या मुलांना आणि माझ्या आईच्या वयाच्या बायकांना अर्धंच कळतं, आणि या सिनेमांत अर्धं कळून भागत नाही. आवाज देणारे नाहीत असं तर म्हणूच नका. सुधा करमरकरांनी १९५९ ला मुलांच्या नाटकांसाठी लिटल थिएटर काढलं तेव्हापासून मराठी रंगभूमीवर चेटकिणी, राक्षस, पऱ्या बोलतायत, रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ नाटकाला आजही आईबाप पोरांना कडेवर घेऊन येतात आणि पोरांइतकेच ओरडतात. फॅमिली येत नाही हे खरं असतं तर ती नाटकं ओस पडली असती.

दुसरी वेळेची, ती वर आलीच आहे. सकाळी दहा ते संध्याकाळी सात यात एक शो. बस.

तिसरी इंटरव्हलची. हे सिनेमे इंटरव्हल धरून बनवलेले नसतात हे मान्य, तुम्हाला समोसे विकायचे असतात तेही मान्य, आम्ही घेतो समोसे. पण कुठे थांबवायचं हे कोणीतरी आधी बघून ठरवा ना. ‘हेरॉन’मध्ये मरायला टेकलेला पेलिकन पक्षी गोष्टीतल्या मुलाला सांगत असतो की समुद्रात खायला मासे नाहीत, कितीही उंच उडालो तरी पुन्हा त्याच बेटावर येतो, म्हणून आम्ही त्या इवल्या जीवांना खातो. दुष्ट वाटलेला पक्षी आता दुष्ट राहत नाही, मुलांना हे समजायचा तो क्षण, आणि त्याच्या अर्ध्या वाक्यावर फाटकन लाइट लागले आणि पॉपकॉर्नची जाहिरात सुरू झाली. पुन्हा चालू झालं तेव्हा पेलिकन मेलेलाच होता. मुलीने घरी येईपर्यंत विचारलं, तो शेवटी काय म्हणाला.

त्याचंच भावंड म्हणजे सिनेमा संपताना येणारी नावं. तुमच्याकडे नावं सुरू झाली की दारं उघडतात, लाइट लागतात, झाडूवाले आत. त्यांचा दोष नाही, त्यांना पुढच्या शोच्या आधी हॉल साफ करायचा असतो. पण ‘सुझुमे’ची नावं येत असतात तेव्हा शेजारी चित्रं चालू असतात, ती आणि मावशी परत जाताना वाटेतल्या त्या सगळ्या माणसांना भेटत जातात ज्यांनी तिला जेवू घातलं, झोपायला जागा दिली. गोष्ट तिथे संपते. आम्ही ती चित्रं माणसांच्या डोक्यांमधून, पिवळ्या दिव्यात बघितली. दोन शोंमध्ये पाच मिनिटं जास्त ठेवा, एवढंच करायचंय.

चौथी गोष्ट मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते. जपानी आणि चित्रांचं म्हटलं की तुम्ही सगळं एकाच खणात टाकता. ‘डीमन स्लेयर’ तलवारींचा, मुंडकी उडवण्याचा सिनेमा आहे, मोठ्या मुलांना आवडतो, आवडू दे, पण पोस्टरवर चित्र बघून एक आई बालवाडीतल्या लेकराला घेऊन माझ्यासमोर आत गेली आणि वीस मिनिटांत रडणारं पोर घेऊन बाहेर आली. तिला काउंटरवर कोणी सांगितलं नाही. आणि हीच आई आता पुढच्या वेळी एखाद्या गोड, शांत सिनेमालाही येणार नाही, "ते जपानी कार्टून नको बाई" म्हणेल. कायदा बदलून यूए ७+, १३+, १६+ असे वेगळे गट केलेत ना, मग ते आकडे तिकीट ॲपवर कोपऱ्यात बारीक का, दारावर मोठे का नाहीत?

तुमचं म्हणणंही मी ऐकलंय. मराठी डबिंगला खर्च येतो, सिनेमा नवीन, लोकांना माहीत नाही. खर्च येतो हे खरं आहे. पण लोकांना माहीत नाही हे आता मला पटत नाही. २०२५ च्या मार्चमध्ये अख्ख्या महाराष्ट्राने आपले लग्नाचे, बारशाचे, वारीचे फोटो एआयकडून घिबली स्टाईलमध्ये करून घेतले, माझ्या शाळेच्या ग्रुपवर तर गॅदरिंगचे पण आले. ज्या माणसांनी आयुष्य घालवून ती चित्रं हाताने काढली त्यांचा एकही सिनेमा त्यातल्या बहुतेकांनी बघितला नव्हता, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटलं. ओढ आहे, रंगांची, त्या झाडांची, त्या आभाळाची. बघायची सोय नाहीये. जपानमध्ये ‘स्पिरिटेड अवे’ तब्बल एकोणीस वर्षं सगळ्यात जास्त कमाईचा सिनेमा होता, तो काही एकट्या कॉलेजच्या पोरांनी केला नाही, आज्यांनी नातवंडांना नेऊन केला.

तर मागण्या अशा.

असा सिनेमा आणाल तेव्हा पहिल्या आठवड्यात रोज किमान एक शो दिवसाचा ठेवा, शनिवार-रविवारी सकाळचा, आणि तो मुलांना-म्हाताऱ्यांना कळेल अशा भाषेतला. मुंबई-पुण्याबरोबर नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगर, नागपूर, लातूर इथेही.

वितरकांनी वर्षातून एक, फक्त एक सिनेमा नीट मराठीत करावा. घाईघाईने केलेला नको, मराठी रंगभूमीवरची चांगली माणसं घेऊन, मुलांचे आवाज मुलांकडूनच घेऊन. नाही चालला तर पुढच्या वर्षी करू नका, पण एकदा करून तर बघा. ते होईपर्यंत निदान जपानी शोला मराठी सबटायटलं द्या.

शो कॅन्सल करायचा असेल तर दोन दिवस आधी सांगा, आणि पंचवीस-तीस तिकिटं गेलेली असताना करू नका. इंटरव्हल कुठे घ्यायचा ते सिनेमा बघून ठरवा. नावं संपेपर्यंत लाइट लावू नका. वयाचा गट दारावर मोठ्या अक्षरात लावा आणि लहान मूल बरोबर दिसलं की काउंटरवरच्या माणसाने तोंडाने सांगावं.

आमच्या भागातल्या शाळांमधल्या मी आणि आणखी काही शिक्षिका मिळून पालकांची यादी करतोय, कोण येईल, कुठल्या वारी, कुठल्या भाषेत. रविवारच्या सकाळच्या एका शोपुरती माणसं आम्ही आणून देऊ, आगाऊ तिकिटं काढून. यादी पुरी झाली की तुमच्या ऑफिसात आणून देईन. तारीख तुम्ही कळवा, दिवाळीच्या सुट्टीतली मिळाली तर गावाकडची मुलंही येतील, आणि माझ्या आईसाठी कडेची, उतारावर चढावं लागणार नाही अशी एक खुर्ची.

आपली,
एक शिक्षिका, नाशिक